पहिला जीव ते गुंतागुंतीची पेशी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून दोन रविवारी सकाळी आम्ही गोदाकाठी एक टेबल, दोन सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांचा डबा घेऊन बसतो. लोक घरून बाटलीत पाणी आणतात. कुणी गच्चीवरच्या टाकीतलं, कुणी गंगापूर धरणाचं. एकदा एक आजी तीर्थाचा गडूच घेऊन आल्या होत्या. थेंबात काही वळवळताना दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हे मुळात आलं कुठून?" उभ्याउभ्या त्याचं उत्तर पुरं होत नाही, मग आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. पृथ्वीवर जीव नक्की केव्हा आला? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा वाचायला मिळतो.

पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागात ३४८ कोटी आणि ३४३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या वसाहतींच्या खुणा आहेत, आणि त्या बहुतेक अभ्यासकांना पटलेल्या आहेत. त्याआधीचे आकडे म्हणजे दावे. ग्रीनलंडमधल्या ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातल्या खुणा २०१६ साली गाजल्या. दोन वर्षांत दुसऱ्या गटाने तोच खडक पाहून सांगितलं की हे थर दाबामुळे मुरगळलेले दिसतात, जीवांनी रचलेले नव्हेत. कॅनडातला एक दावा तर ३७७ कोटींपासून ४२८ कोटींपर्यंत ताणलेला आहे, आणि त्यावरही वाद आहे.

आम्ही टेबलाशी "किमान साडेतीनशे कोटी वर्षं" एवढंच सांगतो. "किमान" हा शब्द मात्र गाळायचा नाही.

२. जिवाणूला ना हाड ना शिंपला. मग त्याचं जीवाश्म राहतं कसं?

एकेकट्या जिवाणूचं क्वचितच राहतं. टिकते ती त्यांची वसाहत. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांचा चिकट गालिचा पसरतो, त्यावर बारीक गाळ बसतो, जीव उजेडासाठी वर सरकून नवा गालिचा विणतात, पुन्हा गाळ. असं वर्षानुवर्षं चाललं की दगडात चिरोट्यासारखे पदर सुटलेले घुमट तयार होतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे इथे ते आजही वाढताहेत. तिथलं पाणी इतकं खारट आहे की गालिचा कुरतडणाऱ्या गोगलगायी फारशा टिकत नाहीत.

दुसरा पुरावा कार्बनचा. कार्बनचे हलका आणि जड असे दोन स्थिर प्रकार आहेत, आणि जीव आपलं शरीर घडवताना हलका जास्त उचलतो. जुन्या खडकातल्या कार्बनमध्ये हलक्याचं प्रमाण वाजवीपेक्षा जास्त दिसलं की संशय येतो. पण निव्वळ रासायनिक क्रियांनीही काही वेळा तसंच घडतं, म्हणून एकट्या कार्बनवर कुणी पैज लावत नाही.

३. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी इथल्या दगडांत असं काही सापडेल का?

नाही. आपला सगळा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. या गोष्टीच्या मानाने तो कालपरवाचा, शिवाय वितळलेल्या दगडात गालिचा कसा टिकणार?

तरी दर महिन्याला एखादा फोटो येतोच: दगडाच्या चिरेवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी, आणि खाली "हे जीवाश्म आहे ना?" ती मँगनीजच्या क्षारांची नक्षी असते. पाणी चिरेतून झिरपताना क्षार फांद्या फुटल्यासारखे बसत जातात. पोकळीतले पांढरे किंवा फिकट गुलाबी स्फटिक हे झिओलाइट, त्यांचाही जीवाशी संबंध नाही. ते डोळे भरून पाहायचे असतील तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जा.

खऱ्या स्ट्रोमॅटोलाइटसाठी राजस्थानात उदयपूरजवळचं झामरकोटडा आणि चित्तोडगडजवळचं भोजुंदा, उत्तर प्रदेशात सोनभद्रचं सलखन, आणि चित्रकूट परिसर. राम चित्रकूटहून पंचवटीला आले. जीवाश्म पाहायचे तर आपल्याला उलट्या दिशेने निघावं लागतं. चित्रकूटच्या सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून २०१७ साली लाल शैवालासारखे जीवाश्म नोंदवले गेले. ते खरंच लाल शैवाल असतील, तर गुंतागुंतीच्या, म्हणजे केंद्रकवाल्या पेशी तोवर चांगल्याच स्थिरावल्या होत्या (प्रश्न १० पाहा).

४. बागेत ट्रायकोडर्मा सोडतो, सुडोमोनासही सोडतो. दोन्ही जिवाणूच ना?

निफाडकडून येणारा हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सजीवांमधली सगळ्यात खोल दरी नेमकी या दोन पुड्यांच्या मधून जाते. सुडोमोनास जिवाणू आहे: लांबी एक-दोन मायक्रॉन, आत केंद्रक नाही, डीएनए पेशीत मोकळाच. ट्रायकोडर्मा बुरशी आहे, म्हणजे केंद्रक, ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), आतल्या पडद्यांचे कप्पे असा सगळा संसार. पेशीच्या बांधणीत ट्रायकोडर्मा सुडोमोनासपेक्षा तुम्हाला जास्त जवळचा. म्हणूनच ट्रायकोडर्मा सोडल्यावर पाठोपाठ बुरशीनाशकाची आळवणी केली तर पैसे पाण्यात.

द्राक्षावरची डावणी मात्र दिसायला बुरशी असून खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही. समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी तिचं नातं जवळचं. भुरी खरी बुरशी.

तिसरा गट आर्किया. ते दिसतात जिवाणूंसारखे, केंद्रक नाही, पण पेशीपटल आणि जनुकं वाचण्याची यंत्रणा वेगळी. ही वेगळी शाखा आहे हे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवलं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते आठवतंय? पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण खारट पाण्यात वाढणारे आर्कियाच निघाले.

५. निर्जीवापासून सजीव होत नाही हे पाश्चरने सिद्ध केलं. मग पहिला जीव कसा झाला?

पाश्चरने १८६० च्या सुमारास दाखवलं ते असं: उकळलेल्या रश्श्यात बाहेरचे जंतू शिरू दिले नाहीत, तर तो नासत नाही. शिळ्या भातावर येणारी बुरशी भातातून उगवत नाही, तिचे बीजाणू हवेतून येतात. हा निकाल आजच्या जगातल्या काही दिवसांच्या प्रयोगाचा. कोट्यवधी वर्षं, अख्खा समुद्र आणि ऑक्सिजन नसलेली हवा यांच्याबद्दल त्या चंबूने काही सांगितलं नाही.

"मग आज का होत नाही?" हा जोडप्रश्न लगेच येतो. आज एखाद्या डबक्यात कार्बनी रेणूंची चांगली भट्टी जमली तरी आधीपासून असलेले जिवाणू ती फस्त करतील. डार्विनने १८७१ सालच्या एका पत्रात हेच कारण लिहून ठेवलंय. शिवाय ऑक्सिजन अशा नाजूक रेणूंना मोडतो.

६. प्रयोगशाळेत जीव तयार झालाय का?

नाही. जे झालंय तेही कमी नाही. १९५३ साली स्टॅनली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या नळ्यांत फिरवत ठेवून त्यात ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत अमिनो आम्लं मिळाली, म्हणजे प्रथिनांच्या विटा. आदिम हवा नेमकी तशी नसावी असं आता मानतात. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत. पण विटा आपोआप पडतात, हे ठरलं. त्या आधी १९२० च्या दशकात ओपारिन आणि हॉल्डेन यांनी हीच कल्पना मांडली होती. हॉल्डेनच्या मते आदिम समुद्र म्हणजे गरम पातळ सूप, आपल्या भाषेत कढण. हे हॉल्डेन पुढे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

विटांपासून घर होण्यात एक मोठी अडचण होती. प्रथिनं बनवायची कृती डीएनएत, आणि डीएनए वाचायला प्रथिनं लागतात. आधी काय? १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी अल्टमन यांनी दाखवलं की डीएनएचा भाऊबंद आरएनए माहिती तर साठवतोच, पण विकरासारखं, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या प्रथिनासारखं कामही करतो. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याबद्दलच. म्हणून आधी आरएनएचं राज्य असावं, असं बरेच जण मानतात.

२०१० साली "कृत्रिम जीव" अशी बातमी आली होती. त्यात डीएनए यंत्रावर रचलेला होता, पेशी मात्र निसर्गाची आयती. इंजिन नवं, गाडी जुनी.

७. सुरुवात समुद्राच्या तळाशी झाली की जमिनीवरच्या डबक्यात?

दोन्ही बाजूंना वजन आहे. अटलांटिकच्या तळाशी २००० साली लॉस्ट सिटी नावाचं ठिकाण सापडलं. तिथल्या पांढऱ्या चुनखडी मनोऱ्यांतून कोमट ते गरम, आम्लारिधर्मी पाणी झिरपतं, त्यात हायड्रोजन असतो आणि मनोरे बारीक छिद्रांनी भरलेले. जणू तयार खोल्या, वर ऊर्जेची सोय. आपल्याकडच्या पाषाणातल्या पोकळ्या दाखवून मी हे समजावतो, पण त्या पोकळ्या वायूच्या बुडबुड्यांच्या, मनोऱ्यांची छिद्रं वेगळ्या प्रकारची. फक्त "खोली" ही कल्पना घ्या.

डबक्याच्या बाजूने मोठा मुद्दा असा की विटा जोडताना प्रत्येक सांध्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. चहूकडे पाणीच असेल तर सांधा जुळण्यापेक्षा सुटतो जास्त. डबकं उन्हात आटतं, पावसात भरतं, पुन्हा आटतं. अशा फेऱ्यांत साखळ्या लांबतात. मला स्वतःला डबकं जास्त पटतं, पण ऊर्जेच्या प्रश्नावर समुद्रवाल्यांचं पारडं जड आहे हेही मान्य.

८. नारळीकर सर म्हणायचे की जीव अवकाशातून आला. त्याचं काय झालं?

डॉ. जयंत नारळीकरांचं वाचत वाढलेल्या पिढीचा हा प्रश्न. २००१ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले आणि त्यांत सूक्ष्मजीव आढळले. पुढच्या फेरीत मिळालेल्या तीन नव्या प्रजाती २००९ साली जाहीर झाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव दिलं. ते जीव वरून खाली आले की खालून वर गेले, हे त्यावरून ठरत नाही. सगळे ओळखीच्या पार्थिव कुळांतलेच होते.

कच्चा माल मात्र अवकाशातून येतो, याला आता पक्के पुरावे आहेत. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत अमिनो आम्लं होती. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ साली आणलेल्या मातीत, आपल्या प्रथिनांत लागणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं मिळाल्याचं २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. आणि अख्खा जीवच बाहेरून आला म्हटलं तरी "तिथे कसा झाला?" हा प्रश्न शिल्लक राहतोच.

९. "लुका" म्हणजे पहिला जीव का?

नाही. लुका म्हणजे आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा शेवटचा सामाईक पूर्वज. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात. तुमच्या सगळ्या भाऊबंदांच्या नोंदी मागे जात जात एका पुरुषाशी मिळाल्या, म्हणून तो गावातला पहिला माणूस ठरत नाही. त्याला बाप होता, शेजारी होते; शेजाऱ्यांचा वंश पुढे चालला नाही, एवढंच. लुकाचंही तसंच. २०२४ सालच्या एका अभ्यासाने त्याचा काळ सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याची प्रथिनं सुमारे २६०० काढली. एवढी यंत्रणा असलेला जीव पहिला असूच शकत नाही. हा आकडा जनुकांच्या हिशोबाचा आहे, खडकातला नव्हे. प्रश्न १ मधल्या आकड्यांशी तो थेट ताडू नका.

१०. साध्या पेशीतून आपल्यासारखी गुंतागुंतीची पेशी कशी झाली?

एक पेशी दुसरीच्या आत राहायला गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. आत गेलेला जिवाणू म्हणजे आजची तंतुकणिका. हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात मांडला गेला होता, पण त्याला शास्त्रीय बळ दिलं लिन मार्ग्युलिस यांनी. त्यांचा निबंध दहा-पंधरा नियतकालिकांनी परत पाठवल्यावर १९६७ साली छापून आला.

पुरावे तुमच्या अंगात आहेत. तंतुकणिकेला दुहेरी पडदा असतो. तिचा स्वतःचा गोल डीएनए असतो. माणसात १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. प्रथिनं घडवणारे तिचे रायबोसोम जिवाणूच्या धाटणीचे. पेशी तंतुकणिका नव्याने घडवू शकत नाही. असलेलीच दुभागून दुसरी होते. वनस्पतींचं हरितलवक असंच नीलहरित जिवाणूपासून आलं, पण नंतर.

तंतुकणिका आत आलीच नसती तर काय बिघडलं असतं, असं एका द्राक्ष बागायतदाराने विचारलं. त्याला कुंपणाचा हिशोब सांगितला. जिवाणू आपली ऊर्जा बाहेरच्या पटलावर, म्हणजे कुंपणावर तयार करतो. प्लॉटची बाजू दुप्पट केली की कुंपण दुप्पट होतं, जमीन चौपट. वीज कुंपणावरच तयार होत असेल तर मोठ्या प्लॉटला ती पुरणार नाही. तंतुकणिकांमुळे कुंपणं प्लॉटच्या आत आली, हवी तितकी. गुंतागुंतीचं हेच मूळ कारण, असं सगळेच म्हणत नाहीत, पण हिशोब मला बळकट वाटतो.

हे घडलं तेव्हाची नेमकी तारीख नाही. गुंतागुंतीच्या पेशींचे खात्रीचे जुने जीवाश्म सुमारे १६५ कोटी वर्षांचे, म्हणजे त्याआधी.

११. हरभऱ्याच्या गाठीतही जिवाणू पेशीच्या आत राहतो. मग ती तंतुकणिका का नाही?

डिसेंबरात सिन्नरच्या एका शेतातून आम्ही हरभऱ्याचं रोप मुळासकट उपटून आणलं. गाठ ब्लेडने चिरली, आत मांसासारखा गुलाबी रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा. चिरलेला भाग काचेवर टेकवून हजारपट भिंगाखाली पाहिला तर बारीक दांड्यांची गर्दी. हा रायझोबियम, हवेतलं नत्र बांधणारा. गंमत म्हणजे तंतुकणिकेचा पूर्वज ज्या जिवाणू-कुळातला मानतात, त्याच कुळातला हाही.

तरी तो पाहुणाच. बियाण्यातून तो पुढच्या पिढीत जात नाही. म्हणून तर पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळावा लागतो. एक पायरी पुढे अझोला. जनावरांच्या खाद्यासाठी प्लास्टिकचा कागद अंथरून खड्ड्यात वाढवतात तीच. तिच्या पानाच्या पोकळीतला नीलहरित जिवाणू बीजाणूंतून पुढच्या पिढीत जातो आणि त्याची बरीच जनुकं मोडून पडली आहेत, त्यामुळे एकट्याने तो जगत नाही. तंतुकणिका त्याच्याही पुढे. तिला हजाराहून जास्त प्रथिनं लागतात, त्यांतल्या फक्त १३ ची कृती तिच्याकडे उरली. बाकी सातबारा केंद्रकाच्या नावावर चढलाय.

१२. ज्या पेशीच्या आत तो शिरला, ती कोणती होती?

आर्किया (प्रश्न ४). २०१५ साली उत्तर ध्रुवीय समुद्रतळाच्या गाळातून एका आर्किया गटाची जनुकं वाचली गेली. आजवर फक्त आपल्यासारख्या पेशींत दिसलेली बरीच जनुकं त्यांत होती. या कुटुंबाला अ‍ॅसगार्ड म्हणतात. पण जिवंत जीव कुणी पाहिला नव्हता. जपानी गटाने २००६ साली समुद्रतळातून आणलेल्या गाळापासून तो वाढवायला बारा वर्षं घेतली. त्याची संख्या दुप्पट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. (दही लावणारा जिवाणू तासाभरातच दुप्पट होतो.) २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांत त्या इवल्या पेशीला लांब फांद्या फुटलेल्या दिसतात. शेजारच्या जिवाणूला गिळलं असं न म्हणता हळूहळू कवेत घेतलं म्हणावं, असं ती चित्रं पाहून वाटतं.

१३. ऑक्सिजन नव्हता तर सुरुवातीचे जीव जगले कसे?

गोबरगॅसच्या टाकीत आजही तसेच जगतात. तिथे मिथेन बनवणाऱ्या आर्कियांना ऑक्सिजन विषासारखा. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, नीलहरित जिवाणूंमुळे. त्याआधी समुद्रात विरघळलेलं लोह गंजून तळाशी थरांनी बसलं. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं किंवा गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज अशाच पट्टेदार लोहपाषाणातलं.

१४. असं सामावून घेणं एकदाच घडलं का?

तंतुकणिकेपुरतं, होय, आजच्या सगळ्या गुंतागुंतीच्या पेशी एकाच घटनेच्या वंशातल्या. हरितलवकाच्या बाबतीत एक सुंदर अपवाद आहे. पॉलिनेला नावाच्या अमीबासारख्या जीवाने सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे दुसरा नीलहरित जिवाणू सामावून घेतला. २०२४ साली एका सागरी शैवालातला नत्र बांधणारा जिवाणू पाहुणा उरला नसून पेशीचं अंगच झालाय, असं दाखवलं गेलं. हरभऱ्याला हे जमलं असतं तर युरियाचं दुकान बंद झालं असतं.

१५. तंतुकणिका नसलेली गुंतागुंतीची पेशी असते का? आणि डोळ्यांनी दिसणारा जिवाणू?

दोन्ही आहेत. तुमच्या लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसते, केंद्रकही नसतं. पण ती पिकलेली पेशी, लहानपणी दोन्ही असतात. खरा अपवाद २०१६ साली मिळालेला मोनोसर्कोमोनॉइडिस, प्राण्याच्या आतड्यातला. त्याने तंतुकणिका पूर्णपणे गमावली. पूर्वज तंतुकणिकावालेच होते, त्यामुळे प्रश्न १० चं उत्तर बदलत नाही.

कॅरिबियनमधल्या ग्वादेलूपच्या खारफुटीत सापडलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू २ सेंटिमीटरपर्यंत लांब असतो. २०२२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. कुंपणाची अडचण त्याने जागोजागी पडदे घालून आणि डीएनएच्या असंख्य प्रती ठेवून सोडवली.

१६. विषाणू सगळ्यांच्या आधीचे का?

आजचे विषाणू पेशीशिवाय वाढू शकत नाहीत, त्यामुळे आज दिसतात तसे आधीचे नसावेत. त्यांची मुळं आरएनएच्या काळापर्यंत (प्रश्न ६) जात असतील, असं मानणारे अभ्यासक आहेत.

१७. तंतुकणिका जर जिवाणू होती, तर अँटिबायोटिकने ती मरत नाही का?

पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतं. तंतुकणिकेची भिंत केव्हाच गेली, म्हणून ती सुटते. काही औषधं मात्र जिवाणूच्या रायबोसोमवर काम करतात, आणि तिथे जुनं नातं आडवं येतं. लिनेझोलिड हे असंच एक अँटिबायोटिक फार दिवस घेतलं तर रक्तपेशी कमी होतात, नजरेवरही परिणाम होऊ शकतो. डॉक्टर तपासण्या करायला लावतात त्या यासाठी.

सगळ्यात बोलकं उदाहरण स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या गटाचं. काही लोकांच्या तंतुकणिकेच्या डीएनएत १५५५ व्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. त्या एका अक्षराने त्यांचा रायबोसोम पुन्हा जिवाणूच्या रायबोसोमसारखा दिसू लागतो, औषध त्यालाच पकडतं आणि कान जातात. तंतुकणिका आईकडूनच येते, म्हणून हा बदल आईच्या बाजूनेच उतरतो. आईकडची आजी, मामा, मावशी यांच्यापैकी कुणाला अशा इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर हे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना तेवढं सांगा.